पाण्याला आडवी होडी

चहाचा शेवटचा घोट मुकादम कधी पीत नसत. कप तिरका करून ते तो जमिनीवर ओतत आणि ओघळ कुठे जातो ते बघत उभे राहत. ओघळ थांबला की मान हलवत, कप टपरीवाल्याला देत आणि कामाला लागत. नवीन माणसाला वाटे, भुताखेतांना घोट देतात की काय. पण ते उतार बघत असत. आमच्या गावात अशी गल्ली नसेल जिथे मुकादमांनी चहा सांडला नाही.

नगरपालिकेच्या साफसफाई खात्यात ते मुकादम होते. गटारं, मोऱ्या आणि गावातून वाहणारा पऱ्या हा त्यांचा मुलूख. त्यांना नाव होतं, पण सगळा गाव मुकादम म्हणे. त्यांची बायकोही म्हणे. मीही इथे तेवढंच लिहितो. गावाचंही नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राकाठचं, वर कातळाचा उघडा, सपाट सडा आणि खाली बाजारपेठ असलेलं एक गाव, एवढं पुरे.

"पाण्याला इचारलंस काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी कुंपण घालायला काढो, कोणी पायरी बांधो, मुकादम रस्त्यावरून जाता जाता थांबणार आणि हे विचारणार. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि मुकादमांनी शेवटचा घोट त्या लोकांच्या दारापुढच्या खळ्यात ओतला. सगळे बघत राहिले. "मुलगी चांगली हाय," मुकादम म्हणाले, "पण तुमच्या न्हाणीचं पाणी विहिरीकडे जातंय." लग्न झालं. त्याआधी न्हाणी हलली.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आपण त्यांना हसतो आणि पुढे जातो. मीही हसलो होतो.

नव्व्याण्णव साल. मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी सरांनी आम्हाला काम दिलं होतं ते असं: गावातली एक उघडी जागा निवडा, आणि फक्त त्याच जागेसाठी शिल्प करा. दुसरीकडे उचलून ठेवलं तर त्याला अर्थ राहू नये. मी माझ्याच गावातला तिठा निवडला. सड्यावरून उतरणारा रस्ता तिथे बाजाराच्या रस्त्याला मिळतो. मध्ये एक तिकोनी मोकळी जागा होती, तिथे पालिकेचा एक मोडका नळ सोडून काही नव्हतं.

फेब्रुवारीत मी पंधरा दिवस तिथे वही घेऊन बसलो. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी सावली कुठे सरकते, शाळा सुटल्यावर मुलं कुठून वळतात, सगळं टिपलं. शिल्प ठरलं: जांभ्या दगडाची सोळा फूट लांब, छातीएवढी उंच होडी. पावसाळ्यात आमच्याकडे होड्या वर ओढून ठेवतात, तशी, थांबलेली. बाजाराकडून येणाऱ्याला ती पूर्ण लांबीने दिसावी म्हणून मी ती उताराला आडवी धरली होती.

मुकादम एका सकाळी मागे येऊन उभे राहिले. माझं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय कलाकार, होडी काय ही?"

"हो काका."

"झकास. पण होडी पाण्याला आडवी कोण लावतो?"

"इथे पाणी कुठे आहे काका? आणि ही खरी होडी नाही, शिल्प आहे."

"तुला म्हायत हाय शिल्प. पाण्याला कोण सांगणार?" त्यांनी सड्याकडे बोट केलं. "जुलैत ह्या रस्त्यावरून जे काय उतरतं ना, ते आख्खं हिच्या पोटाला लागेल. मग वळणार खाली, गिरणीत."

तिठ्याच्या खालच्या अंगाला पिठाची गिरण होती. एक विधवा काकू ती चालवत. मी गिरणीकडे पाहिलं. ऊन होतं, धूळ होती, गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. माझ्या वहीत पाण्यासाठी एकही ओळ नव्हती. होडी उभी केली असती, उताराच्या दिशेने वळवली असती, तर प्रश्न मिटला असता. पण मग बाजाराकडून फक्त तिचं टोक दिसलं असतं. मला ते नको होतं.

पुढच्या आठवड्यात परवानगीसाठी मी पालिकेच्या अभियंता साहेबांकडे गेलो. त्यांनी आराखडा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "पाण्याचा निचरा?"

मी म्हणालो, "मुकादमांनी जागा बघितली आहे."

वाक्य खरं होतं. म्हणून ते तोंडातून सहज निघालं. साहेबांनी मान डोलावली आणि फाइलवर लिहिलं: मुकादमांनी पाहणी केली, हरकत नाही. ‘हरकत नाही’ मी म्हणालो नव्हतो. पण मी त्यांना ते लिहिताना पाहिलं, आणि गप्प बसलो.

मार्च-एप्रिल हे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. खाणीतून चिरे आले, ते उतरवायला मुकादमांनी आपली दोन माणसं पाठवली. स्वतः दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन येत आणि अर्धवट होडीच्या कडेवर बसून जेवत. होडीबद्दल परत बोलले नाहीत. एकदा आपल्या नोकरीबद्दल बोलले. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

"तीस वर्षं झाली कलाकार. सेवापुस्तकात एक शेरा नाय. लाल शाईचा एक टिपका नाय." हे सांगताना त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, जणू ते पुस्तक तिथेच होतं. "कोरं घेऊन घरी जायचंय. बायकोला दाखवायचंय. तिला वाचता येत नाय, पण कोरं हाय ते तर दिसेल?"

मी हसलो. तासणीने चिरा तासत राहिलो.

मे महिन्यात परीक्षक आले, खूश झाले, मी पहिल्या वर्गात पास झालो. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, सड्यावरचं सगळं पाणी माझ्या होडीच्या पोटाला लागलं.

मी धावत पोचलो तेव्हा गिरणीत गुडघाभर पाणी होतं. लोकांनी दळणासाठी ठेवलेले डबे पाण्यावर तरंगत होते, प्रत्येकावर रंगाने नाव घातलेलं. काकू जात्याच्या ओट्यावर चढून ओरडत होत्या, "कोणाची रे ती होडी? माझे डबे तरंगतायत, आणि ती मेली जाग्यावरून हलत नाय!"

मुकादम आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात पहार. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. ते होडीच्या वरच्या अंगाला कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि तळवा होडीवर ठेवून हळूहळू सरकवत गेले, वैद्य पोट तपासतो तसे. एका ठिकाणी थांबले.

"हितं." त्यांनी पहार माझ्यापुढे धरली. "तुजी हाय, तूच फोड."

खाणीतून काढलेला चिरा नरम असतो. ऊनवारा खाल्ला की घट्ट होत जातो. माझी होडी तीन महिन्यांत चांगली घट्ट झाली होती. मी घाव घालायचा, मुकादमांनी तुकडे काढायचे. दीड तास लागला. माझे तळवे फुटले. शेवटचा चिरा सुटला तसं पाणी भोकातून असं उसळलं की मी मागे पडलो, आणि मुकादमांनी माझी कॉलर धरून मला उभं केलं.

गिरणीतलं पाणी उतरू लागलं. होडीच्या पोटातून शिरलेला लोंढा खालच्या बाजूला फेसाळत पुढे पऱ्याकडे निघाला. काकू ओट्यावरूनच बघत होत्या. त्यांचा आवाज बदलला.

"अगो बाय, चालली की होडी!"

खरंच, ती चालल्यासारखी दिसत होती. दोन महिने खपून मी जिला थांबवलं होतं, ती दीड तासात चालायला लागली. मुकादमांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आता झाली तुजी परीक्षा," म्हणाले आणि डबे गोळा करायला गिरणीत गेले.

चार दिवसांनी साहेबांनी त्यांना बोलावलं. मला ते टपरीवर कळलं. मी पालिकेत गेलो, खरं सांगायचं ठरवूनच गेलो. साहेबांच्या दाराला अर्धा पडदा होता. आतून आवाज येत होता.

"फाइलवर तुमचं नाव आहे. तुम्ही जागा बघितली होती की नाही?"

"बघितली व्हती साहेब."

"मग?"

"चुकलं."

पडद्याखालून मला त्यांच्या चपला दिसत होत्या. एक पाऊल टाकलं असतं तर मी आत असतो. नुकतीच पदवी मिळाली होती, एका शाळेत चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, गावात नाव होत होतं. हे सगळं त्या एका पावलात डोक्यात येऊन गेलं. मी पाऊल टाकलं नाही.

मुकादम बाहेर आले. मला पाहून थबकले, मग म्हणाले, "चल, चहा घेऊ."

टपरीवर मी कसंबसं विचारलं, "काका, तुम्ही मला सांगितलं होतंत. मग आत तसं का नाही बोललात?"

"बघितलं व्हतंच ना मी. सांगितलं एकदा. तू ऐकलं नाय. मग मी परत सांगितलं नाय, होडीवर बसून डबे खाल्ले." ते जरा हसले. "पाणी बघ, एकदा अडवलं तरी परत परत येतं. मी एकदाच आलो. ती चूकच म्हणायची." मग शेवटचा घोट ओतला, ओघळ बघितला आणि कामावर गेले.

सेवापुस्तकात शेरा पडला. मी मात्र सुटल्यासारखा घरी गेलो, आणि त्या दिवशी मला भूकही चांगली लागली होती. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच झालं.

ऑगस्टमध्ये एक वार्ताहर आला. पावसात चालणारी होडी बघायला तोवर शेजारच्या गावांतून लोक येऊ लागले होते. भोकाची कल्पना कशी सुचली, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "आधी पाण्याला विचारलं." तेच वाक्य त्याने मथळ्यात घातलं.

मुकादमांनी ते कात्रण खिशात ठेवलं. ज्याला त्याला काढून दाखवत. "ह्यो मथळा माजा हाय," म्हणत. लोक हसत. ते रागावत नसत. उलट मला रस्त्यात गाठून म्हणाले, "आपलं वाक्य पेपरात आलं रे!" त्या ‘आपलं’ने मला त्यांच्याकडे बघवेना.

मला देवरूखकडे शाळेत नोकरी लागली. मुकादम निवृत्त झाले. दर मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी येई आणि आधी तिठ्यावर जाई. होडी काळी पडत चालली होती, अंगावर शेवाळाचे पट्टे आले होते, जांभ्याला शोभणारं म्हातारपण. भोक मात्र दर वर्षी लख्ख साफ असे. गिरणीच्या काकू सांगत, "मुकादम येतात काठी घेऊन. पोटात ढोसतात आणि जातात. पगार नाय, पेन्शनीत काम चाललंय."

आणि एका मे महिन्यात आलो तर भोक आंब्याच्या पानांनी आणि पुड्यांच्या कागदांनी ठासून भरलेलं. मी काकूंना काही विचारलं नाही. तसाच मुकादमांच्या घरी गेलो.

काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओटीवर कोकमं फोडत बसल्या होत्या. "शिमग्याच्या आधी आठ दिवस गेले," म्हणाल्या. "झोपेत. कोणाला त्रास दिला नाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फाइल, पडदा, चपला, सगळं. मला वाटत होतं त्यांना माहीत असेल, मुकादमांनी घरी हसत हसत सांगितलं असेल. काकींचे हात थांबले.

"मला कायच बोलले नव्हते. त्या दिवशी जेवले नाय, दुसऱ्या दिवशी पण नाय. मी इचारलं, तर म्हणाले, पोट बिघडलंय." बोटांना लागलेला कोकमाचा लाल रस त्या बघत राहिल्या. "पुस्तक मग दाखवलंनच नाय मला."

मग त्या हात पुसत म्हणाल्या, "सांगितलंस ना आता? मग लिवून दे."

"काकी, पालिकेत आता ते कागद कुठे असणार?"

"हापिसाला कशाला? मला दे. सून वाचून दाखवील. नातवंडं आयकतील."

मी हो म्हणालो. त्याला बरीच वर्षं झाली. शाळा, परीक्षा, मुलांची शिक्षणं, कारणं खूप. पण मी दर मे महिन्यात येतो, हात खांद्यापर्यंत आत घालून भोक साफ करतो, आणि मग काकींकडे जातो. आता थकल्या आहेत, कानांनी कमी ऐकतात. माझी चाहूल मात्र लागते, आणि चहा पुढे ठेवायच्या आधी विचारतात, "लिवलंस काय?" अगदी मुकादमांच्या चालीत.

लिहिलं, काकी. सूनबाईंनी इथून पुढचं जरा मोठ्याने वाचावं.

तिठ्यावरच्या होडीची जागा मुकादमांनी पाहिली होती. तिथे पाणी अडेल आणि गिरणीत शिरेल, हे त्यांनी मला काम सुरू होण्याआधी सांगितलं होतं. ते मी साहेबांपासून लपवलं. त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा माझा आहे. तो काढला तर पुस्तक कोरं आहे. होडीतलं भोक त्यांनी हात ठेवून दाखवलेल्या जागी आहे, आणि पाणी अजून तिथूनच जातं.