दहापैकी दहा

गाडी घेतली ती आईच्या डाव्या डोळ्यासाठी. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तसं होतं. आई चांदवडला भावाकडे राहते, मी नाशिकला. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते आणि ती उतरवायला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, साधारण दर महिन्याला, आणि ते मिळतं नाशिकमध्ये. उजवा डोळा आधीच गेला होता. त्या वेळी कुणाला सवड नव्हती आणि हा मोतीबिंदूच असेल अशी सगळ्यांची समजूत. डाव्याच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, हा राखायचा असेल तर तारखा चुकवू नका आणि काही वेगळं दिसायला लागलं तर लपवू नका.

एसटीतून उतरेपर्यंत धुळीने तिचा डोळा लालभडक झालेला असे. भाऊ कांद्याच्या व्यापारात. मार्केट चालू असलं की त्याला स्वतःच्या लग्नालाही सवड झाली नसती. म्हणून मी पन्नाशीत गाडी शिकले. 'आता या वयात?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावून मी लायसन्स काढलं आणि गुढीपाडव्याला नवी कोरी गाडी दारात उभी केली. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. परतीच्या प्रवासात ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि वडनेर भैरव यायच्या आत तिला झोप लागायची. तू चालवतेस तेव्हा पोटातलं पाणी हालत नाय, असं ती म्हणायची. एवढं कौतुक मला नोकरीत कुणी केलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास गाडी पहिल्यांदा बंद पडली. आईला सोडून मी एकटी परत येत होते. पिंपळगाव मागे पडलं, गाडी चांगली वेगात होती, आणि काही आवाज नाही, धक्का नाही, इंजिन एकदम गप्प झालं. समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे लागले. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं, ब्रेक दगडासारखा. मागून हॉर्न. कशीबशी कडेला घेतली आणि नुसती बसून राहिले. पाच-दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर बाईसाहेब सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "क्लच लवकर सोडला असशील."

"चौथ्या गिअरमध्ये, सरळ रस्त्यावर?"

"मग ब्रेकवर पाय असेल."

त्याच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी गाडी शोरूमच्या वर्कशॉपला नेली. तिथं काचेची खोली, एसी, कॉफीचं मशीन, आणि गाडीची तक्रार लिहून घेणारा एक सर्व्हिस ॲडव्हायझर, तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. माझं माहेर चांदवड म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला. तोही त्याच बाजूचा, नामपूरचा. मग मॅडमची मी ताई झाले. त्याने लॅपटॉप गाडीला जोडला आणि म्हणाला, "ताई, फॉल्ट कोडच येत नाहीये. म्हणजे गाडीत काही नाही."

"पण बंद पडली ना."

"पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल. चांदवडकडे भरलं होतं का?"

संध्याकाळी गाडी परत दिली ती धुऊन, पुसून, आत अत्तरासारखा वास मारून. वर्कशॉपला गाडी धुता फार छान येते हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. निघताना तो खिडकीशी वाकला. "ताई, उद्या कंपनीतून फोन येईल. समाधानी आहात का, दहापैकी किती मार्क, असं विचारतील. दहा सांगा. नऊ सांगितले तरी आमच्याकडे शून्यच धरतात आणि माझ्या पगारातून जातं. तुमच्या भावासारखा आहे मी."

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी दहा सांगितले. गाडी दुरुस्त झाली की नाही हे मला माहीतच नव्हतं. पण तो भावासारखा म्हणाला होता, कॉफी पाजली होती, आणि आपल्या एका शब्दाने कुणाचा पगार कापला जावा हे काही बरं नाही. भीड ही भिकेची बहीण, हे शाळेत असताना वहीत दहा वेळा लिहिलं होतं. लिहून काय होतं!

पुढच्या वेळी गाडी द्वारका चौकात बंद पडली, आई मागे असताना. चारही बाजूंनी हॉर्न, रिक्षावाल्यांचे शेरे, एक दुचाकीवाला तर काचेवर टकटक करून 'काकू, घरी बसा' म्हणून गेला. आईने पदर डोळ्यावर ओढला. हॉस्पिटलात तिला नर्सबरोबर तपासणीला आत पाठवलं आणि मी पार्किंगमध्ये उभी राहून कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथं संगीत वाजत राहिलं. डॉक्टरांनी काय विचारलं, आईने काय सांगितलं, मला काहीच कळलं नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हनले, मशिनीत जराशी सूज दिसती, पन तुम्हाला नीट दिसतंय तर इंजेक्शन पुढच्या बारीला बघू."

मला बरं वाटलं. तेवढीच एक गोष्ट तरी ठीक चालली होती.

वर्कशॉपने या वेळी गाडी चार दिवस ठेवून घेतली. नवं सॉफ्टवेअर टाकलं म्हणे. धुऊन दिली. खिडकीशी वाकून तीच विनंती, तेच दहा. मग पुन्हा बंद पडली, पुन्हा गाडी आत, या वेळी कसलासा सेन्सर बदलला, पुन्हा धुतली, पुन्हा दहा. प्रत्येक वेळी मी मनाशी ठरवायचे की आता फोनवर खरं सांगायचं. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलायची की खरं घशातच राहायचं.

आता चालवताना मी काही ऐकतच नसे, फक्त इंजिन ऐके. गाणी बंद, एसी बंद, आईशी बोलणंही जेवढ्यास तेवढं. एकदा वडनेरच्या पुढे ती म्हणाली, "इथं वळन लागतं का गं?"

"नाही आई. सरळच आहे." माझं लक्ष डॅशबोर्डवरच्या काट्यावर होतं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी जरा चिडूनच म्हटलं, "सरळ आहे म्हटलं ना." तिने तोंड खिडकीकडे वळवलं. आजकाल ती गाडीत झोपतही नव्हती, हे मला दिसत होतं, आणि त्याचा दोष मी गाडीला दिला.

मग जानेवारीतली ती दुपार. आईला घेऊन नाशिककडे येत होते. ओझरच्या अलीकडे कांद्याने भरलेला ट्रक मागे होता, आरशात नुसतं त्याचं तोंड दिसत होतं. आणि इंजिन गेलं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, गाडी जेमतेम अर्धी कडेला आली. ट्रकने करकचून ब्रेक मारले, मागचं धूड तिरकं झालं आणि आमच्या दाराला घासतं की काय इतक्या जवळून तो पुढे निघून गेला. वरून चार कांदे उडून बॉनेटवर आपटले. आईच्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक होतं. ते तिने कधी धरलं कोण जाणे.

त्या दिवशी इंजेक्शन झालं नाही. आई म्हणाली, मला घरी सोड. गाडी सुरू झाल्यावर मी तिला परत चांदवडला नेलं. तिकडे उतरल्यावर ती म्हणाली, "आता बास. मला दिसतंय. एका डोळ्यापायी तुझा जीव नाय घालवायचा मला." भावानेही मान डोलावली. तारीख चुकली. मी परत आले ती रडत, आणि रडण्यापेक्षा जास्त संतापत.

थेट शोरूममध्ये गेले. मॅनेजरच्या केबिनमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. तो शांतपणे स्क्रीनकडे बघत होता. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "मॅडम, पण तुमचा फीडबॅक तर प्रत्येक वेळी दहापैकी दहा आहे. पूर्ण समाधानी. कंपनीच्या लेखी तुमची तक्रारच नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं. माझेच दहा माझ्यासमोर रांगेने उभे होते. दाराशी नामपूरचा तो भाऊ उभा होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

"ठीक आहे," मी म्हटलं, "तक्रार नाही ना? मग चला माझ्याबरोबर चक्कर मारायला. ओझरपर्यंत. तुम्ही या."

मॅनेजर काही उठला नाही. बाहेर एक कुटुंब हार घातलेल्या नव्या गाडीपुढे फोटो काढत होतं. मी केबिनचं दार उघडून चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "येत नसाल तर मी यांना माझा अनुभव सांगते." तेव्हा त्याने घाईघाईने ॲडव्हायझरला माझ्याबरोबर पाठवलं.

गाडी मी चालवत होते, तो शेजारी. उतरतं ऊन, एसी चालू. जाताना काही झालं नाही. ओझरहून वळलो तसा तो सैल झाला, हसून म्हणाला, "बघा ताई, आता..." आणि पुलाच्या चढावर इंजिन गप्प झालं. मागून बस आली, हॉर्न वाजवत, जोरात. मी गाडी कठड्याला लावेपर्यंत त्याने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"बंद पडी गई," तो पुटपुटला. घाबरला तशी इस्त्रीची भाषा गळून पडून अहिराणी बाहेर आली होती.

"माझी आई मागे बसलेली असते," मी म्हटलं. त्याने मान हलवली. मग त्याने तिथूनच मॅनेजरला फोन लावला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात सांगितलं की ही गाडी तो धुऊन परत देणार नाही.

कंपनीचा इंजिनिअर आला. टाकीतला पेट्रोलचा पंप तापला की दम सोडत होता, तो बदलला. तीन आठवडे मी एकटीने गाडी पळवली, उन्हात, चढावर, एसी लावून. ती बंद पडली नाही. नवरा एकदा शेजारी बसला आणि उतरताना म्हणाला, "चांगली चालवतेस." क्लचचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही.

मग चांदवडला गेले आणि ओट्यासमोर गाडी लावून बसून राहिले. आई बाहेर आली. "बंद पडली तर?"

"नाही पडणार. पंप बदललाय."

तिने गाडीकडे बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि या वेळी मागे न बसता माझ्या शेजारी बसली.

पिंपळगावजवळ फोन वाजला. नंबर ओळखीचा होता; या वेळी त्यांना तीन आठवडे लागले होते. मी गाडी एका हॉटेलच्या समोर कडेला लावली आणि स्पीकर चालू केला. तीच गोड मुलगी. "मॅडम, नुकत्याच झालेल्या सर्व्हिसबद्दल दहापैकी किती मार्क द्याल?"

नामपूरचा भाऊ डोळ्यासमोर आला. पुलावर त्याने माझी बाजू घेतली होती. आदल्या दिवशी त्याचा मेसेजही आला होता: ताई, या वेळी खरंच झालंय, प्लीज.

"शून्य," मी म्हटलं.

"मॅडम, गाडीत अजून प्रॉब्लेम आहे का?"

"गाडी आता ठीक आहे. पण याआधी मी प्रत्येक वेळी दहा दिले ते खोटे होते. गाडी बंद पडत होती आणि मी दहा देत होते. ट्रकखाली जाता जाता वाचलो आम्ही. तेही लिहा."

"मॅडम, आधीचं बदलायचा ऑप्शन नाहीये."

"म्हणूनच आताचं शून्य लिहा."

फोन ठेवला. वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही. आई समोर रस्त्याकडे बघत होती.

"त्या पोराचं नुकसान हुईल ना?" तिने विचारलं.

"होईल थोडं."

"तरी बी सांगितलंस."

"सांगायलाच हवं होतं. आधीच."

हॉटेलच्या भट्टीवर कुणीतरी भजी तळत होतं. मी किल्लीला हात घातला तशी ती म्हणाली, "मग मी खरं सांगितलं तर डॉक्टरांचं बी नुकसान हुईल का?"

"कसलं खरं?"

"ते कागद दाखवित्यात, चौकटीचा. इचारतात, आजी, रेघा सरळ दिसतात का? मी म्हनते, सरळ. लय जीव लावून करतात ते. इतक्या बाया बसलेल्या असत्यात. कुनाला वाईट कशाला वाटू द्यायचं." तिने बोट उचलून समोरच्या रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दाखवली, जी तिथून दूरपर्यंत दोरी ताणल्यासारखी सरळ जाते. "ही बघ. मधीच मोडली हाय. आन् तिथं तर काळंच हाय."

इथं वळण लागतं का, असं तिने मला विचारलं होतं. दोनदा. मी काट्याकडे बघत होते.

"कधीपासून, आई?"

"दिवाळी झाली तवापासून."

मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडण्याचा हक्क नव्हता. मी गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली. ओझर मागे पडलं.

"आज डॉक्टरांना सगळं सांगायचं," मी शेवटी म्हटलं.

"सांगते की." मग खिडकीबाहेर बघत, "पन तू बाहेर नको थांबू. आत ये माझ्यासंगं. मला एकटीला नाय जमायचं."