धुरात राहिलेली मोकळी जागा

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठा झालो. पालघर, मनोर, एकही आठवडी बाजार सोडला नाही. भूत-आत्मा म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडतोय... पण पाहिलं ते पाहिलं.

नव्वदच्या दशकाची अखेर. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायू गळून दामूदादा गेले. केळव्याच्या मच्छीमार घरातले. ते दाराशी सापडले, म्हणून मालक म्हणू लागला – हा व्हॉल्व्ह सोडून पळाला, यानंच गळती वाढवली. पाळीतले सोबती नोकरीच्या भीतीने गप्प. त्यांच्या बायकोला, वहिनींना, एवढंच हवं होतं, माणूस गेला तो गेला, निदान पळपुटा म्हणून जाऊ नये.

आम्ही युनियनवाल्यांनी कारखान्याच्या गेटसमोरच्या सभेसाठी वायू कसा पसरतो ते दाखवणारी छोटी फिल्म करायला घेतली. बोईसर स्टेशनजवळ शैलेशचं दुकान होतं, लग्नाच्या कॅसेटींना टायटल घालून द्यायचा. त्याने कॉम्प्युटरवर कणांपासून धूर करणारी दोन सॉफ्टवेअर मिळवली. पहिल्यात धूर झटपट व्हायचा, कापसासारखा देखणा. दुसरं भयंकर संथ.

"कॉम्रेड, पहिलं घे. लोकांना छान दिसेल," शैलेश म्हणाला.

"छान कशाला? माणूस मेलाय त्यात."

"मग बस दिवसभर. चहा तुझा."

पण ते दुसरं सॉफ्टवेअर... काय सांगू! प्रत्येक कणाला स्वतःचं वजन, वेग, आयुष्य. भिंतीला आपटला की वळणार, वारा लागला की सरकणार. मोर्चात प्रत्येक माणूस आपल्या पायांनी चालतो आणि तरी मोर्चा एकच दिसतो, तसं. मी त्याच्या प्रेमातच पडलो.

पडद्यावरच्या शेडमध्ये आम्ही कारखान्याच्या फक्त भिंती, टाकी आणि पाइप उभे केले होते. माणूस बनवणं शैलेशच्या कॉम्प्युटरला झेपणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना दाखवायला बोलावलं. धूर पाइपमधून निघाला, जमिनीलगत सरकला आणि व्हॉल्व्हपाशी दुभंगला. मध्ये उभी, माणसाएवढी मोकळी जागा. कण तिला आपटून बाजूने जात होते.

"इथं काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"काही नाही रे," शैलेश आकडे तपासत म्हणाला.

वहिनी पडद्याजवळ गेल्या. "पाय बगा. एक पाय पाइपावर हाय. होडीच्या काठाला पाय लावून जालं ओढायचे, तसेच उभे हायेत."

आम्ही तेच आकडे ठेवून पुन्हा चालवलं. धूर सरळ आरपार गेला. पुन्हा, पुन्हा. ती जागा परत आली नाही.

"हा पुरावा नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी सभेत तसं म्हणणार नाही."

"नका म्हनू. नुस्तं दाकवा."

गेटसमोर टेबलावर टीव्ही ठेवून पहिल्या खेपेचंच, कॅसेटवर उतरवलेलं चित्र लावलं. मी बाजूला झालो. मोकळी जागा दिसली तसा मागून एक जण पुढे आला, दामूदादांच्या पाळीतला, उत्तरेकडचा.

"ये तो दामू है," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "मैंने देखा था. सब भागे, मैं भी भागा. वो वॉल्व बंद करके ही हटा."

त्याच्या मागोमाग आणखी दोघे बोलले. चौकशीत त्यांनी तेच सांगितलं, आणि दामूदादांवरचा ठपका गेला.

ते काम माणसांनी केलं, धुराने नव्हे, हे मी आजही ठासून सांगतो. पण रिकाम्या शेडमध्ये ते कण कुणाला आपटून वळले... शैलेशला विचारलं, जाणकारांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही.