मेहेरबानीचं पाणी

कालव्याच्या ओल्या मातीचा वास आला, की वरकुट्याची ती ग्रामसभा आठवते. त्या उन्हाळ्यात पाखरंसुद्धा पायी हिंडत होती. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीच्या तोंडाशी जमीन असलेला बडा बागायतदार उठला आणि शेवटच्या टोकाच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "तात्या, डाळिंबं जळत्यात तुमची. लागंल तवा पाणी घ्या माझ्याकडनं." टाळ्या पडल्या. "टाळ्या कशाच्या? लगीन लागलंय व्हय?" तात्या कडाडले. "आज देणारा तू, मग उद्या न देणाराबी तूच. मेहेरबानी नको, पाणीवाटपाच्या वहीत माझी हक्काची पाळी लिवा!" कुणीतरी वही पुढं ओढली. पाळी लिहिली गेली. ती येईतो अर्धी बाग वाळली, पण तात्या कुणाच्या दारात गेले नाहीत. आता कॉलेजात प्रजासत्ताकाच्या विचाराचा इतिहास शिकवताना 'दुसऱ्याच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र नसतो' असं सांगणारे रोमपासूनचे सगळे विद्वान मला तात्यांच्या मागं रांगेत उभे दिसतात.