दामूचं पोट आणि राक्षसाचा पोपट

केळीची पिलं कापावी तितकी फुटतात. आमच्या ओसरीवरच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर त्याच्या बुडातून दुसरा वर येतो.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. सावद्याच्या वाचनालयातून मी जादूच्या कादंबऱ्या आणायचो आणि दामूच्या ओसरीवर मोठ्यानं वाचायचो. मी चौथी शिकलेला. पण वाचताना अडखळलो, असं कोणी म्हणून दाखवावं! ऐकायला दामू, गाडीवान सुकदेव आणि दाराआड दामूची थोरली बहीण अक्का.

दामूच्या पोटात गाठ होती. जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. तो जात नव्हता. भीत होता.

*

एका कादंबरीत घोडा उडाला, डोंगर बोलला, म्हातारीची तरुणी झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं आलं, जादूगारानं राजाच्या बागेत एकाच केळीला वर्षात तीन घड आणले.

दामूचा जन्म केळीच्या बागेत गेलेला; केळीला घड एकच येतो. तो ताडकन उठला. "बंद करा, नाना! खोटं बोलाले बी काही हद्द असते!"

*

दुसऱ्या पुस्तकात शापानं अख्खा राजवाडा शंभर वर्षं झोपला. राजा, राणी, घोडे, गाई, सगळे. मग एकदम जागे झाले आणि मेजवानी सुरू!

दाराआडून अक्का म्हणाली, "आन् गोठ्यातलं शेन कोनं काढलं? लिहिनारा बाप्या असंल."

मी पुस्तक उलटून पाहिलं. नाव बाप्याचंच होतं.

*

मग ती राक्षसाची कादंबरी आली. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सात समुद्रांपलीकडं, त्याच्या वाड्यात.

सुकदेव म्हणाला, "राक्षस येडा हाये. जीव कोनी बाहेर ठेवतं का?"

"शहाना हाये," दामू म्हणाला. "जीव घरी ठेवून कुठंबी जातो. मले डॉक्टरकडं जायचं तर तो संगच न्यावा लागतो."

आत अक्काच्या हातातलं भांडं जोरात आदळलं.

*

त्याच कादंबरीचा शेवट आला. राजपुत्राचा हात पिंजऱ्याच्या दाराला लागलेला. जिन्यावर राक्षसाचं पाऊल वाजलं. मी पान उलटणार, तोच अक्का बाहेर आली आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. माझ्या हातातलं पुस्तक आजवर कोणी घेतलं नव्हतं!

तिनं ते पेटीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. "दामू, पोट फाडून ये. मग पिंजरा उघडंल."

सुकदेव कळवळला. "अक्का, दुखनं त्याचं. आमाले कायची शिक्षा?"

"त्याले गाडीत घाल. सुटशील."

जो सुकदेव दोन महिने 'जाईल त्याच्या मनानं' म्हणत होता, त्यानं सकाळी दिवस उगवायच्या आत बैल जुंपले! दामूला उचलून गाडीत घातलं आणि आम्ही स्टेशनावर नेलं.

आगगाडी आली. दामू माझा हात सोडेना. "नाना, राक्षस मरतो ना?"

"मला ठाऊक नाही." खरंच नव्हतं.

"मंग मले बी मरता येत नाही," म्हणाला आणि डब्यात चढला.

*

दामू दवाखान्यात असताना वाचनालयाचे कारकून पुस्तक मागायला आले. अक्कानं पेटीकडं बोट दाखवलं आणि कारण सांगितलं.

"एवढंच ना? मी वाचलीय. शेवट सांगतो, पुस्तक द्या."

सुकदेवानं बैल हाकायची पराणी उचलली. "दामूच्या आधी कोनी ऐकायचा नाही!"

"अहो, पण तो शेवट काही एवढा..."

"गप्प!" मी म्हणालो.

कारकून गेले. वाटेत त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं.

*

दामू आला. अर्धा झाला होता, पण चालत आला. भिंतीला टेकून बसला. अक्कानं पेटी उघडली. स्वतःही पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन बसली.

मी वाचलं. राजपुत्रानं पोपटाची मान पिरगळली. राक्षस कोसळला. सुकदेवानं मांडीवर थाप मारली. दामूचे डोळे भरून आले.

शेवटचं पान उरलं होतं. तेही वाचलं. राजपुत्र दचकून उठला. ना राक्षस, ना पोपट. तो आपल्या पलंगावरच होता. सगळं स्वप्न होतं!

दामूनं सावकाश सदरा वर केला, पोटाकडं बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला,

"अक्का, टाके तर खरे हायेत!"