भालेवाला

मीरा रोडच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर जुन्या राजदरबाराचं जलरंगातलं चित्र टांगलं होतं. राजा आरामात गुलाब हुंगतोय, गायिका गातेय आणि सगळे दरबारी राजाकडे तोंड करून उभे. आत माझ्या वडिलांचं ऑपरेशन चाललं होतं. मला त्या गुलाबाचीच चीड येत होती.

शेजारी जवळच्याच मोरवा गावची एक मावशी बसली होती. तिचा नवराही आतच होता. सकाळपासून पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. अचानक चित्राकडे हात करून म्हणाली, "सगली त्या राजाला बघतान. कोपऱ्यातला भालेवाला हाय ना, त्याचंच लक्ष दाराकडं हाय. बाकी कोणाला काय पडलेली न्हाय."

इतका वेळ समोर बसून मला तो भालेवाला दिसलाच नव्हता.

शेवटी तिला उठावंच लागलं. "पोरा, बाथरूमला जाऊन येते. तवर दाराकडं बघ. मोबाइलमधी डोकं घालू नको."

मी मोबाइल खिशात टाकला. पापणी मिटायचीही भीती वाटू लागली. आणि दार उघडलंच.

"मोरव्याच्या काकांसोबत कोण आहे?" नर्सने विचारलं.

"आहेत, आहेत! बोलावतो!" म्हणत मी धावत सुटलो. कॉरिडॉरच्या टोकाला मावशी ओले हात पदराला पुसत येत होती. मला बघून ती जागीच थांबली आणि माझा चेहरा वाचू लागली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, काका कसे आहेत हे मी विचारलंच नव्हतं.