सुईबाई आणि बबनमामांची अकरा डुकरं

सुईबाईंकडून सरळ होकार किंवा नकार कधी मिळत नसे. "अजून सांगता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलेल्या माझ्यासारखीला तो निव्वळ पळपुटेपणा वाटे.

बाई जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. राहायच्या कसबा पेठेत. सरकारी फार्मवरचं लसीकरण आटोपलं की शनिवारी दुपारी सायकलला लशीचा थर्मास अडकवून विश्रांतवाडीच्या कडेला, मी अभ्यासवर्ग घेत असे त्या वस्तीत यायच्या. लशीची कुपी फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. उरलेली त्या फेकून देत नसत, वस्तीतल्या डुकरांना टोचत. नोंद कुठेच नसे.

एकदा मी त्यांना माझं पत्रक दिलं. शांतपणे वाचून म्हणाल्या, "छान लिहिता आपण. एवढी खात्री कुठे मिळते? मलाही पत्ता द्या."

त्या पावसाळ्यात वस्तीतल्या बबनमामांची दोन डुकरं तापानं मेली. बाईंनी उरलेल्या अकरांना लस टोचली. महिन्याभरानं पशुसंवर्धन खात्याचे साहेब लोक येऊन रक्त घेऊन गेले. अकराही डुकरांच्या रक्तात त्या तापाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. कळप रोगी, मारून टाका, असा हुकूम आला.

मी दवाखान्यात धडकले. "बाई, ही तुमच्या लशीचीच प्रतिपिंडं! तसं लिहून द्या."

"लशीचीही असतील, ताप येऊन बरी झालेल्यांचीही असतील. शरीर लढायला शिकलं एवढंच रक्तावरून कळतं. कुणी शिकवलं, ते कळत नाही."

"मग लशीची म्हणा ना! अकरा जीव वाचतील."

"आणि ताप निघाला तर? शेजारच्या कळपांतल्या डुकरांना काय सांगू?"

त्यांनी सगळं खरं लिहून दिलं: लस मी टोचली, नोंद केली नाही, आधी दोन मेली होती, त्यामुळे खात्री देता येत नाही. त्यांना मेमो मिळाला. डुकरं गाडीत गेली.

मी पत्रक लिहायला बसले. साहेबांविरुद्ध सुरुवात केली, अर्ध्यात बाईंवर घसरले. त्यांनी टोचलंच नसतं तर रक्त कोरं निघालं असतं! पण टोचलं नसतं, तर कदाचित सगळीच तापानं गेली असती. त्या खोटं बोलल्या असत्या तर मला आवडल्या असत्या का? कागदावर नुसती खाडाखोड झाली. आजही मला ते पत्रक पुरं करता येणार नाही.

मामांनी पुन्हा दोन पिल्लं आणली. बाईंची बदली झाली होती, तरी जाण्याआधी त्या आल्या. मामा त्यांना हाकलतील असं मला वाटलं.

"ताई, टोचायचं का?" मामांनी विचारलं.

"टोचू. पण टोचण्याआधीचं रक्त घेऊन ठेवू मामा. या वेळी कागद आधी, सुई नंतर."

"मला लिवता येत न्हाई."

"अंगठा चालेल."

पिल्लू किंचाळत होतं. मामा माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? पाय धर की त्याचे!"

मी धरले. बाईंनी रक्ताच्या बाटलीवर आधी तारीख लिहिली, कागदावर मामांचा अंगठा घेतला, आणि मगच थर्मास उघडला.