बाबांचा वीस ऑक्टोबर

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी आपली पलटणीची पेटी कुणालाच उचलू दिली नाही. सिरोंच्याहून चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाणारी एसटी फाट्यावर यायची. आई तांदळाचं पोतं सांभाळत उभी होती आणि बाबा खांद्यावर पेटी घेऊन लंगडत येत होते. मागून मोठे काका ओरडले, "पोरीच्या भाकरीवर जगाले चालला का रे?" बाबा वळलेसुद्धा नाहीत. "पोरगी माही हाय, तं भाकर बी माहीच," म्हणाले आणि गाडीत चढले.

ते चौऱ्याऐंशी साल. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मला चांद्याजवळ ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही अजूनही म्हणता की मला शहराचा सोस होता म्हणून मी म्हाताऱ्या आईबापाला ओढून नेलं. साफ खोटं आहे. आम्ही एका दिवसापायी गाव सोडलं, आणि तो दिवस कोणता हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना मात्र सांगायला हवं.

वीस ऑक्टोबर. बासष्ट साली त्या दिवशी चीननं हल्ला केला तेव्हा बाबा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, होते. अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. बर्फ त्यांनी तिथं पहिल्यांदा पाहिला. मागे हटायचा हुकूम आला तोवर पलटणीतले बरेच गेले होते, आणि उरलेले कित्येक दिवस बर्फातून चालत राहिले. बाबा परतले ते उजव्या पायाची बोटं घालवून.

सोळा ऑक्टोबरला आमचा अख्खा मोहल्ला पांढरे कपडे घालून चांद्याच्या दीक्षाभूमीवर जायचा. बाबांचा दिवस मात्र वीस ऑक्टोबर. त्या दिवशी ते जुनी वर्दी चढवून शाळेच्या मैदानात चिंचेखाली अनवाणी बसायचे. आधी त्रिशरण म्हणायचे, मग मेलेल्या सोबत्यांची नावं, मग जो येईल त्याला सगळी हकीकत. सरपंचांना ते खटकायचं. "हरलेल्या लढाईची जत्रा काऊन भरवता भाऊ?" असं ते दरवर्षी विचारायचे. बाबा म्हणायचे, "जितल्याची भरवाले सारेच हायेत."

बोटं बर्फानं खाल्ली, असंच बाबा तेव्हा सांगायचे. त्यांना तसंच वाटत होतं. मी नर्सिंगला गेले आणि तिथं शिकले की गारठून बधिर झालेला पाय विस्तवाजवळ नेऊच नये, तो कोमट पाण्यात ठेवावा. वर्गातच माझं लिहिणं थांबलं. कारण बाबांच्या हकिकतीत शेकोटी होती. एका पडक्या झोपडीत पोचल्यावर त्यांनी लाकडं पेटवली आणि उजवा पाय जाळावर धरला. दुसरं काय करणार? आमच्या जंगलात थंडीनं पाय आखडले की शेकोटीवर धरायचे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाय बधिर होता, भाजतोय हे कळलंच नाही आणि तिथंच त्यांचा डोळा लागला.

सुटीत घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. आईनं मला डोळे वटारले. बाबांनी उजवा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाले, "म्हंजे मीच जाळला?" मी मान डोलावली. मला रडू आलं, त्यांना नाही.

त्या ऑक्टोबरात त्यांनी चिंचेखाली बसून हेच सांगितलं. मी नको म्हणत होते. गाव फिदीफिदी हसलं. एक जण म्हणाला, "तिकडं गोळ्या चालून राह्यल्या होत्या, आन् भाऊ शेकत बसले होते!" पोरं रस्त्यात त्यांच्यामागून लंगडत चालू लागली. आणि पुढच्या वर्षी सरपंचांनी त्या दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं. बाबा वर्दीत फाटकासमोर उभे राहिले, मग घरी येऊन म्हणाले, "पोरी, तुह्या कॉलनीत बसाले जागा हाय का?"

जागा होती. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं हातभर अंगण, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची पूड. शिफ्टचा भोंगा वाजला की सायकली आणि वीजकेंद्राच्या बसगाड्या रस्ता भरून टाकायच्या. आई कोळशाच्या धुराला शिव्या घालायची आणि गावच्या मोहफुलांच्या वासासाठी झुरायची. मीही झुरत होते, उगाच कशाला लपवू.

वसाहतीतल्या एका मंडळाला बाबांचा पत्ता लागला. आमच्याकडं युद्धात लढलेला माणूस आहे म्हणून त्यांनी मांडव घातला आणि माईक लावला. कार्यक्रमाआधी चिटणीस हळूच म्हणाला, "काका, गोळी लागली असंच सांगा. लोकांना बरं वाटतं." बाबा हसले. मला वाटलं, आता म्हातारपणी कशाला पुन्हा फजिती, म्हणू देत गोळी. खरंच तसं वाटलं.

बाबा माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी चप्पल काढली. म्हणाले, "आमाले कापडाचे जोडे देऊन बर्फात पाठवलं. हुकूम येईस्तोवर आमी जागा सोडली नाई. आन् हा पाय चिन्यानं नाई, म्या जाळला, काऊन का थंडी काय असते ते मले कोनी शिकवलंच नाई." चिटणीसानं घाईघाईनं देशभक्तीच्या गाण्याची रेकॉर्ड लावली. पुढल्या वर्षी बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून बाबा आमच्या अंगणात बसतात. पहिल्या वर्षी शेजारचे वेल्डर रहीमभाई ड्यूटीवरून येताना थांबले. "बसू का, फौजीभाऊ?" म्हणाले आणि पायरीवर टेकले. सगळं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सोबतीचे नावं पुन्हा एकदा सांगता?" दुसऱ्या वर्षी ते घरच्यांना घेऊन आले, मग रांगेतली इतर क्वार्टरंही येऊ लागली. आई सगळ्यांसाठी चहा टाकते आणि साखर फार लागते म्हणून कुरकुरते.

यंदा गावाहून नवे सरपंच आले, त्याच दिवशी. त्यांना शाळेसमोर बाबांच्या नावाचा फलक लावायचा होता, वर 'रणांगणी जखमी वीर' असं लिहून. खरं सांगते, माझा जीव हरखला. गावानं अखेर हाक मारली होती. बाबा म्हणाले, "लावा ना. पन शेकोटीचं लिवा. आन् माह्या सोबत्याईचे नावं लिवा."

"असं कोनी लिवते का भाऊ? गावाची इज्जत जाते."

"मंग नका लावू. चहा घ्या."

सरपंचांनी चहा घेतला, नावं होईपर्यंत खाली मान घालून बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. त्यांनी विचारलं, "बाई, बाबाले गावाची याद येत नाई का? घरी कधी आनता त्याले?" मी म्हटलं, ते घरीच आहेत. आमच्या अंगणात माझा बाप खरं बोलतो, आणि त्याला कुणी उठवत नाही.